तेल तरी खरं होतं ना

दाजी,

तुमची बाटली माझ्याकडेच आहे. स्वयंपाकघरात माठाच्या मागे, अंधारात, जिथे ठेवायची म्हणून मी तुमच्याशी इतकी भांडले होते तिथेच. झाकण घट्ट लावलेलं आहे. आत निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक आहेत.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. बमरोलीच्या आपल्या गल्लीत मांडव घातला होता, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले. तुम्ही असता तर नक्की म्हणाला असता की शकू, ह्यात एक पांढरा दुसऱ्यासारखा नाही. पंचशील घेताना चौथ्या शीलाशी माझा आवाज अडकला. खोटं न बोलण्याचं शील. आक्काने वळून माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरला. तिला वाटलं, मला हुंदका आला.

मग आदरांजलीची भाषणं झाली. तुमच्या कापड रंगवायच्या मिलमधले भिकाभाऊ उठले, तेच, जळगावकडचे, कापड सुकवायच्या ड्रायरवर असतात ते. माइक हातात घ्यायलाही लाजत होते. म्हणाले, "मास्तर इतला मोठा मानूस, पन दर लॉटले आमले इचारे, तुले कसा दिखस रे? आमना सारखाले कोन इचारस?" लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. मी मात्र मान खाली घालून चटईच्या काड्या बघत बसले, कारण तुम्ही का विचारत होता ते त्या मांडवात मला एकटीला ठाऊक होतं.

पुढे माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, दाजी मला सख्ख्या भावासारखे होते. आणि बसले. एवढंच. दवाखान्यात दिवसभर पन्नास जणांना गोळी कशी घ्यायची ते खडसावून सांगणारी मी, तिथे माझी दातखीळ बसली. जे बोलायचं होतं ते आता लिहिते आहे. तुम्हाला वाचता येणार नाही हे मला कळतं. पण समोर होतात तेव्हा तरी मी कुठे बोलले?

प्लेगची धास्ती ओसरून दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळा होता. तुम्ही उधन्याला आमच्या दवाखान्यात आलात, पेशंटच्या बाकड्यावर बसलात, आणि सगळे जाईपर्यंत उठलाच नाहीत. मी पुड्या बांधत होते. मला वाटलं, आक्काचं काही दुखलंखुपलं. तुम्ही खिडकीपाशी आलात आणि हळू आवाजात म्हणालात, डोळ्याला माशाचं तेल चांगलं म्हणतेत, खरं हाय का? मी हसले. म्हणाले, दाजी, पांडेसऱ्याच्या मिलांच्या अख्ख्या इस्टेटीत तुमच्या डोळ्यांचं नाव आहे आणि तुम्हाला तेल कशाला? तुम्ही हसला नाहीत.

आणि नाव होतंच. माल रंगवून घेणारी व्यापारी पार्टी साडीचा एक चिंधीएवढा तुकडा पाठवायची आणि तुम्ही तो उत्तरेच्या खिडकीत धरून सांगायचात, ह्यात लाल किती, पिवळा किती, निळा कणभर. त्यावरून टाकीत रंग पडायचा. तुम्ही हो म्हणालात की लॉट पास, नाही म्हणालात की हजारो मीटर कापड परत टाकीत. उदगीरकडून आलेला, सातवी शिकलेला माणूस, आणि शेठ तुम्हाला नावाने न हाकारता मास्तर म्हणायचा. तुमचं घर, लेकीचं, सुजाताचं, नर्सिंगचं शिक्षण, आक्काच्या डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर काढून घातलेला स्लॅब, सगळं त्या दोन डोळ्यांवर उभं होतं. म्हणून तुम्ही इतकं हळू बोलत होता. मला ते कळायला वेळ लागला.

तेव्हा मला फक्त तेल निवडायचं होतं, आणि त्यात मी कुणाला ऐकणारी नव्हे. स्टेशन रोडच्या मेडिकलवाल्याने काउंटरवरची मोठी काचेची बरणी पुढे केली, सुट्या गोळ्या, कागदात बांधून देतो म्हणाला. दुसऱ्या दुकानात एक परदेशी बाटली होती, तिच्यावर हे मोठं माशाचं चित्र, पण आत कसलं तेल ते कुठेच धड लिहिलेलं नाही. मी विचारलं, हे माशाच्या कलेजीचं की अंगाचं? तो म्हणाला, बेन, मासा तो मासा. मी म्हटलं, डोळ्यासाठी पाहिजे, कलेजीच्या तेलात जे जीवनसत्त्व असतं ते अंगाच्या तेलात तेवढं नसतं, एवढं तरी शिक. तिसरी एक बाटली मिळाली, गडद तपकिरी काचेची, सीलबंद, तारीख नवी, एका गोळीत काय किती ते लिहिलेलं. मी बरणीतल्या चार सुट्या गोळ्या आणि त्या दोन्ही बाटल्या घेऊन रविवारी तुमच्याकडे आले. आक्का धुण्याला गेली होती.

तुम्ही काय केलंत आठवतं? टाचणी आणलीत. पांढऱ्या पॉलिस्टरचा तुकडा खिडकीत ताणून धरलात आणि प्रत्येक गोळीचा एक एक थेंब त्यावर पाडलात. अगदी मिलच्या लॅबमध्ये बसल्यासारखे. मला हसू आवरेना. म्हटलं, दाजी, औषध आहे हे, साडी नाही. तुम्ही म्हणालात, चोख माल रंगावर कळतो. मग डोळे बारीक करून विचारलंत, तुला कोणतं फिकं वाटतंय? मी डावीकडचा थेंब दाखवला. बरणीतल्या गोळीचा. तुम्ही लगेच म्हणालात, तेच म्हणतो मी, सगळ्यांत फिकं म्हणजे सगळ्यांत साफ, हेच आण.

तिथे आपलं वाजलं. मी गोळी फोडून तुमच्या नाकाशी धरली. माशाच्या तेलाला माशाचा वास येणारच, त्याला घाबरायचं नाही, पण हा वास खवट होता, जुन्या तळणाचा, घशात टोचणारा. तुम्ही तोंड वळवलंत. पंचवीस वर्षं ॲसिडच्या वाफेत काढलेल्या नाकाला काय कळणार. मग मी तो थेंब तुमच्यासमोर जिभेवर घेतला, थुंकले, आणि म्हणाले, हे तेल साफ नाही, उडालेलं आहे. दुकानाच्या काचेत टांगलेली साडी उन्हाने उडते ना? तशीच ही बरणी रोज उन्हात उभी असते. रंग गेला, त्याच्याबरोबर गुणही गेला. तुम्हीच शिकवलंय मला हे.

तुम्ही तुकडा खिडकीतून काढलात. मग म्हणालात, "तू बाकी तोंडावर बोलतीस, शकू. घरात असं एक माणूस असावं."

ते वाक्य मी किती दिवस मिरवलं. आक्कालाही सांगितलं, फक्त कशावरून ते नाही सांगितलं.

तपकिरी बाटली ठरली. पहिली बाटली तुम्ही लॅबमध्ये नेऊन ठेवलीत, रंग उकळायच्या मशीनशेजारच्या फडताळात. महिन्याभरात गोळ्या एकमेकींना चिकटून लाडू झाला. मी ती तुमच्यासमोर उकिरड्यावर टाकली. तेलाला ऊब चालत नाही, उजेड चालत नाही, हे मी तुम्हाला पोराला सांगावं तसं सांगितलं. मग ठरलं की बाटली माझ्याकडे माठामागे राहील आणि तुम्ही कामावरून जाताना रोज एक गोळी घेऊन जाल. एकदा तुम्ही दोन मागितल्यात, लवकर गुण यावा म्हणून. मी दिली नाही. कलेजीचं तेल जास्त झालं की अंगात साठतं आणि उलटं बाधतं. तुम्ही चिडलात, पण ऐकलंत.

आणि त्या रोजच्या येण्याजाण्यात मला एक गोष्ट खटकायला लागली. तुम्ही दारात चपला काढता काढता विचारायचात, नाला आज कसा वाहतोय? आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात, आज नाला जांभळा आहे म्हणजे अमुक मिल चालू आहे. मला वाटायचं, बोलायचं म्हणून विचारतात. पण तुम्ही तर नाल्यावरचा पूल ओलांडूनच आलेले असायचात.

नवी बाटली आणली त्या दिवशी मी मुद्दाम खेळ केला. जुनी, नवी आणि एक खराब झालेली गोळी फोडून तुमच्याच त्या पांढऱ्या तुकड्यावर तीन थेंब पाडले. एक फिका, एक सोनेरी, एक चहाच्या चोथ्यासारखा. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, तुला कोणतं फिकं वाटतंय? मी बोलले नाही. चेहराही हलू दिला नाही. तुम्ही थेंबांकडे बघितलंत, मग माझ्याकडे, मग परत थेंबांकडे. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मला वाटलं, आता हसतील आणि म्हणतील काय परीक्षा घेतीस. तुम्ही हसला नाहीत. कपाळावर घाम आला होता. मग तुम्ही बोट पुढे केलंत आणि चोथ्याच्या थेंबावर ठेवलंत.

"हे," म्हणालात.

मी तुकड्याची घडी घातली. तुम्हाला कळलं. मला कळलं. मग तुम्ही सांगितलंत की वर्षभर असंच चाललं होतं. उजेडाभोवती धुकं, पांढऱ्यावर पिवळी झाक, फिके रंग सगळे एकाच भांड्यातले. म्हणून भिकाभाऊला विचारायचं, लॅबमधल्या पोरीला विचारायचं, टाकीवाल्याला विचारायचं, तुला कसा दिसतो? त्यांची तोंडं वाचायची आणि त्यांच्या आधी उत्तर द्यायचं.

मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. नाव न घेता, एक पेशंट म्हणून. ते केसपेपरवरून मान वर न करता म्हणाले, मोतीबिंदू दिसतो, ऑपरेशन करून घ्यायला सांग, तेलाने काही होत नसतं. मी संध्याकाळी तुम्हाला तसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. तुमच्याआधीच्या मास्तराने ऑपरेशन केलं होतं, त्याला नंतर सगळं निळसर दिसायला लागलं, शेठने त्याला महिन्याभरात गोडाऊनला टाकला. हात लावलेल्या डोळ्याचा मास्तर कोणी ठेवत नाही, म्हणालात. तू तुझं तेल बघ.

पुढचे तीन आठवडे तुम्ही आला नाहीत. बाटली माठामागे तशीच. मी रोज दिवेलागणीला दाराकडे बघायची. आक्का एकदा येऊन विचारून गेली की तुझं आणि ह्यांचं काही झालंय का, हे जेवत नाहीत नीट. मी नाही म्हणाले. मग एके दिवशी तुम्ही आलात, काही झालंच नसल्यासारखा हात पुढे केलात, आणि मी गोळी ठेवली. ऑपरेशनाचा शब्द काढला नाही. त्यानंतर कधीच काढला नाही. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं मी दवाखान्यात लोकांना ऐकवते. घरात मीच पखालीला उत्तमातलं उत्तम औषध निवडून देत होते. तारीख बघून, वास बघून, सील बघून. तुमच्यावर रागावले आहे ते ह्याचसाठी, दाजी. आणि स्वतःवरही.

आता त्या रविवारचं. हेच लिहायला बसले होते आणि इतका वेळ तेलाभोवतीच घुटमळते आहे.

तुम्ही दुपारी आलात, नवा शर्ट घालून. चेहरा खुललेला. गोळी तोंडात टाकलीत, पाणी प्यायलात, आणि म्हणालात, "फरक पडलाय शकू. मला आता दिसायलंय." मग पिशवीतून दोन तुकडे काढलेत. दोन्ही फिकट बदामी. दोन हातांत दोन धरून खिडकीत उभे राहिलात, पाठीवर उजेड घेऊन. माझ्याकडे तोंड करून.

"दोन्ही एकच हायत ना?"

ते कामाचे तुकडे होते हे मला दिसत होतं. एकाच्या कोपऱ्यावर पार्टीची चिठ्ठी टाचलेली होती. पण मी स्वतःला म्हटलं, एवढा मोठा मास्तर दवाखान्यातल्या बाईच्या शब्दावर लॉट पास करणार आहे थोडाच. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्षभर बघितलं नव्हतं. तुम्ही लहान मुलासारखे उभे होतात. माझ्या तोंडाकडे बघत होतात, आणि मला ठाऊक होतं की तुम्ही तोंड वाचता. मी तोंड सांभाळलं. हसले. म्हणाले, "एकच आहेत, दाजी."

तुम्ही एकदा नीट माझ्याकडे बघितलंत. मग तुकड्यांची घडी घालून म्हणालात, तू सांगितलंस म्हणजे झालं, तू तर तेलालासुद्धा सोडत नाहीस.

गुरुवारी आक्का रडत आली. लॉट परत आला होता, सगळाच्या सगळा. शेठने तुम्हाला आवारात नेलं, भर उन्हात, भिंतीवर दोन्ही तुकडे लावले आणि सगळ्यांना बोलावलं. हमालांनाही दिसलं म्हणे. शेठ ओरडला नाही. नुसतं म्हणाला, मास्तर, हवे घरे आराम करो, आता घरीच बसा. मी आक्काच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. ती विचारत होती, ह्यांच्या डोळ्याला झालं तरी काय. मी म्हणाले, वयोमानाने होतं.

तुम्ही आठ दिवसांनी आलात. मी ठरवलं होतं की दारातच पाय धरायचे. तुम्ही आत आलात, माठापाशी गेलात, बाटली हाताने चाचपून काढलीत आणि माझ्यासमोर ठेवलीत. म्हणालात, राहू दे तुझ्याकडं, कोणाच्या तरी कामाला येईल. पिशवीतून ते दोन तुकडेही काढून बाटलीखाली ठेवलेत. मी वाट बघत होते की आता विचारतील. शिव्या द्याव्यात, हात उगारावा, काहीही चाललं असतं. तुम्ही उठलात, चपला घातल्यात, आणि उंबऱ्यात थांबून माझ्याकडे न बघता विचारलंत:

"तेल तरी खरं होतं ना?"

मी म्हणाले, हो दाजी. अगदी खरं होतं.

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. पुलापर्यंत मी बघत राहिले. दुसऱ्या कशाबद्दलही तुम्ही विचारलं नाहीत, आक्काला सांगितलं नाहीत, सुजाताला नाही. त्या एका "तरी"त सगळं आलं होतं. आणि पुढच्या महिन्यात सकाळी चहा घेता घेता तुमच्या छातीत कळ आली. मी इंजेक्शन घेऊन पळत आले तोवर आक्काने टाहो फोडला होता. लोक म्हणतात, काम गेल्याचं मनाला लावून घेतलं. मी त्यांना गप्प करत नाही आणि हो पण म्हणत नाही.

तुमच्या तेव्हाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एवढंसं नव्हतं. तेल खरं होतं, सांगणारी खरी नव्हती. त्या बरणीतल्या उडालेल्या तेलाने तुमचं काही बिघडलं नसतं, माझ्या गोड बोलण्याने बिघडलं. मला तुमचा तो आनंद आणखी एक दिवस टिकवायचा होता, बस. ह्यात तुमच्यावरची माया होती हे खरं आहे. पण मी तोंडावर बोलते म्हणून तर तुम्ही माझ्याकडे आला होतात. त्या दिवशी तुम्हाला मायेची गरज नव्हती, ती तुम्हाला घरी भरपूर होती.

आज सकाळी आक्का अजून झोपली होती तेव्हा मी तुमच्या घरी, तुम्ही तेलाचे थेंब पाडले होते त्या खिडकीत उभी राहिले. दोन्ही तुकडे तुमच्यासारखेच धरले. चिठ्ठीवाला डाव्या हातात, तुमच्या मिलच्या टाकीतला उजव्या हातात. मग उठलेल्या आक्काला शेजारी बसवलं आणि हे सगळं तिला सांगितलं, पहिल्या थेंबापासून. तिने तुकडे घेतले, मांडीवर ठेवले आणि बोटाने चाचपत बसली. ती मला माफ करील की नाही ते मला माहीत नाही. तिने अजून जेवायला वाढलेलं नाही, आणि मी मागितलेलंही नाही.

तुमचा प्रश्न मात्र अजून खिडकीतच उभा आहे. दोन्ही एकच हायत ना?

नाही, दाजी. उजव्या हातातला हिरवट होता. मला पहिल्याच नजरेत दिसला होता.

तुमची शकू